कोंड्याचा मांडा

मराठीत कोंड्याला फारशी प्रतिष्ठा नाही. 'भुकेला कोंडा, निजेला धोंडा' असं आपण म्हणतो, तेव्हा कोंडा म्हणजे दुसरं काहीच नसताना पोटात ढकलायची वस्तू. घरात काही नसतानाही गृहिणीने पाहुण्यांचं नीट केलं, तर तिने कोंड्याचा मांडा केला. तुम्ही ब्रिटनमध्ये राहत असाल, तर हाच कोंडा तुम्ही कधी ना कधी सुपरमार्केटमधून पैसे मोजून आणला असेल, कदाचित डॉक्टरांच्या सांगण्यावरून. हा उलटा प्रवास कसा झाला, त्याची ही हकिगत आहे. त्यात एका टप्प्यावर आपलं मराठी ताटही येतं, तेही चक्क तराजूत घातलेलं.

पचन बिघडलं की सगळं शरीर बिघडतं, हे आयुर्वेद पूर्वीपासून सांगत आला आहे. मंदाग्नी हे बहुतेक रोगांचं मूळ, असं वाग्भटानेही म्हटलं आहे. ब्रिटिश डॉक्टरांनाही तशी शंका होतीच. वाद होता तो पोटाचा बाकीच्या शरीराशी संबंध नेमका कसा, याबद्दल.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये जात्याच्या दगडांऐवजी पोलादी रूळ असलेल्या गिरण्या आल्या. त्यांनी गव्हाचा कोंडा आणि अंकुर सफाईने वेगळा काढला, आणि श्रीमंतांचा पांढराशुभ्र पाव गरिबांनाही परवडू लागला. लोक खूश होते. थॉमस एलिन्सन नावाचा लंडनचा एक डॉक्टर मात्र कोंड्यासकट दळलेल्या पिठाचा पाव खा, औषधं टाळा, असं सांगत आणि छापत सुटला. जाहिरातबाजीच्या आरोपावरून १८९२ साली जनरल मेडिकल कौन्सिलने त्याचं नाव डॉक्टरांच्या यादीतून काढून टाकलं. त्याच वर्षी त्याने पूर्व लंडनमधल्या बेथनल ग्रीन भागात दगडी जात्यांची गिरणी घेतली. दुकानांत आजही दिसणारं एलिन्सनचं पीठ ते हेच.

या एलिन्सनच्या बाजूने एक लाजाळू हिंदी विद्यार्थी उभा राहिला होता. लंडनच्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीत एलिन्सनला काढण्याचा ठराव आला, कारण तो संततिनियमनाचा पुरस्कर्ता होता. मोहनदास गांधींना त्याचं ते मत पटत नव्हतं, पण त्यासाठी त्याला मंडळातून काढणं त्याहून कमी पटत होतं. त्यांनी आपलं म्हणणं लिहून आणलं. उभं राहून वाचायचं धैर्य होईना, म्हणून ते दुसऱ्याने वाचून दाखवलं. एलिन्सन हरला. पुढे १९१४ साली लंडनमध्ये गांधी फुप्फुसाच्या दुखण्याने आजारी पडले, तेव्हा त्यांनी याच डॉक्टरचा सल्ला घेतला.

याच सुमारास गाय्ज हॉस्पिटलमधले नामांकित सर्जन सर विल्यम आर्बथनॉट लेन अगदी वेगळ्या वाटेने चालले होते. मोठ्या आतड्यात मळ साचून राहतो, त्याचं विष रक्तात भिनतं आणि त्यातून थकव्यापासून संधिवातापर्यंत सगळं होतं, असा त्यांचा सिद्धांत. मग उपाय काय? मोठं आतडंच कापून काढायचं. अशा शस्त्रक्रिया त्यांनी खरोखर केल्या आणि त्यात काही रुग्ण दगावले. १९१३ मध्ये रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये यावर मोठी चर्चा झाली आणि हळूहळू हा सिद्धांत मागे पडला. लेन स्वतःही शस्त्रक्रियेकडून आहाराकडे वळले. १९२५ मध्ये त्यांनी न्यू हेल्थ सोसायटी काढली आणि लोकांना मोकळेपणी सांगता यावं म्हणून १९३३ मध्ये स्वतःहून डॉक्टरांच्या यादीतून नाव काढून घेतलं. एलिन्सनचं नाव ज्या यादीतून काढलं गेलं होतं, तीच ही यादी.

लेन यांची चूक लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण ती अजून जिवंत आहे. 'डिटॉक्स' चहा, 'कोलन क्लीन्स' असल्या जाहिराती तुमच्या फोनवर येत असतील, तर त्यांच्या मुळाशी हीच कल्पना आहे: आतडं म्हणजे गटार आणि ते धुऊन काढलं की झालं.

आतड्याकडे वेगळ्या नजरेने पाहणारा माणूस हिंदुस्थानात काम करत होता. रॉबर्ट मॅककॅरिसन हे १८७८ साली आयर्लंडच्या उत्तर भागात जन्मले आणि १९०१ मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. गिलगिटमध्ये असताना त्यांनी शेजारच्या हुंझा खोऱ्यातले लोक पाहिले. त्या वर्षांत आपल्याला तिथे अल्सर, अपेंडिक्सचा दाह किंवा आतड्याच्या जुनाट सुजेचा रोगी दिसला नाही, असं त्यांनी १९२१ साली अमेरिकेत पिट्सबर्गच्या व्याख्यानात सांगितलं. (हुंझा लोक शंभरी-सव्वाशे सहज गाठतात, ही नंतरच्या लेखकांची भर. ती सोडून द्या.) निलगिरीतल्या कुन्नूरच्या प्रयोगशाळेत त्यांनी माकडांना निकस अन्न देऊन पाहिलं. अन्न बिघडलं की आतड्याच्या अस्तरावर सर्वांत आधी परिणाम होतो, तिथे सूज आणि व्रण येतात आणि जंतूंना वाट मिळते, असं त्यांना आढळलं. म्हणजे आतडं विष साठवत नव्हतं, ते उपाशी होतं.

यानंतरचा त्यांचा प्रयोग आपल्या विशेष जिव्हाळ्याचा. उंदरांचे सात गट केले आणि प्रत्येक गटाला हिंदुस्थानातल्या एकेका समाजाचं जेवण दिलं. शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली आणि मद्रासी, असा शेवटी क्रम लागला. शीख ताटावरचे उंदीर सरासरी सुमारे २३५ ग्रॅमचे भरले, मराठा ताटावरचे सुमारे २२५ आणि मद्रासी ताटावरचे जेमतेम १५५. आपला नंबर तिसरा. वाचून मिशीवर ताव मारण्याआधी थोडं थांबा. ही नावं वाचताना साहेबाच्या सैन्यभरतीची यादी आठवते, आणि 'मराठा आहार' असा एकच आहार कधीच नव्हता. कोकणातला भात आणि देशावरची ज्वारी-बाजरी यांची मोट कशी बांधणार? फरक वंशाचा नव्हता, ताटाचा होता. वरच्या ताटात सबंध धान्य, दूधदुभतं, डाळ आणि ताजी भाजी होती. खालच्या ताटात मुख्यतः सडलेला, धुतलेला तांदूळ आणि दूध अगदी थोडं.

मग त्यांनी आणखी एक ताट मांडलं, गरीब इंग्रजाचं: पांढरा पाव, मार्गारिन, डब्यातलं मांस, उकडून गाळ झालेल्या भाज्या, स्वस्त जॅम आणि साखरेचा चहा. या ताटावरचे उंदीर खुरटले. फुप्फुसांच्या आणि पोटाच्या रोगांनी ग्रासले, चिडचिडे झाले आणि सुमारे दोन महिन्यांनी आपल्यातल्याच दुबळ्यांना मारून खाऊ लागले. निवृत्त होऊन परतल्यावर १९३६ साली मॅककॅरिसन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये व्याख्यानं दिली आणि हे निष्कर्ष मांडले. राज्य करणाऱ्यांच्या राजधानीत त्यांच्याच एका अधिकाऱ्याने सांगितलं, की तुमच्या कामगाराचं जेवण पंजाबातल्या शेतकऱ्याच्या जेवणापुढे उणं पडतं.

ऐकलं थोड्यांनीच. बाकीचं काम युद्धाने केलं. जहाजातली जागा वाचवण्यासाठी १९४२ मध्ये 'नॅशनल लोफ' आला. त्याच्या पिठात गव्हाचा ८५ टक्के भाग राहायचा. लोकांनी त्या करड्या पावाला नावं ठेवली आणि १९५६ मध्ये तो गेला, तेव्हा कोणी हळहळलं नाही. पांढरा पाव परत आला.

कोंड्याची बाजू पुन्हा मांडली ती आयर्लंडच्या त्याच उत्तर भागातून आलेल्या डेनिस बर्किट यांनी. लहान मुलांच्या एका कर्करोगाला त्यांचं नाव आहे. युगांडात वीसेक वर्षं शस्त्रक्रिया करताना, ब्रिटनमध्ये रोज दिसणारे पोटाचे आजार तिथे जवळजवळ दिसतच नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आलं. परतल्यावर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी जे मोजलं, ते मोजायला सभ्य माणूस सहसा तयार होत नाही. १९७२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आकडे आले: ब्रिटिश नौसैनिकांचं शौच दिवसाला सुमारे १०० ग्रॅम आणि अन्न शरीराबाहेर पडायला तीन दिवसांहून अधिक, युगांडातल्या खेडुतांचं सुमारे ४७० ग्रॅम आणि दीड दिवस. जगभर भाषणांतून त्यांनी याच विषयावर सभा हसवल्या आणि जागवल्या. त्यांचे सगळे दावे टिकले नाहीत, पण मूळ मुद्दा टिकला. २०१९ मध्ये १८५ दीर्घकालीन अभ्यास आणि ५८ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. चोथा भरपूर खाणाऱ्यांमध्ये हृदयविकार, पक्षाघात, टाइप २ मधुमेह, मोठ्या आतड्याचा कर्करोग आणि एकूण मृत्यू, हे सगळं १५ ते ३० टक्क्यांनी कमी आढळलं.

पोटातल्या चोथ्याने हृदयाचं भलं कसं होतं? याच्या उत्तराचा मोठा भाग केंब्रिजमध्ये जॉन कमिंग्ज आणि सहकाऱ्यांनी शोधला. आपल्याला न पचणारा चोथा मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात आणि त्यातून काही साधी आम्लं तयार होतात. त्यांतलं ब्युटिरेट हे आतड्याच्या अस्तराचं मुख्य इंधन. उरलेली आम्लं रक्तावाटे यकृताकडे आणि पुढे जातात. अकस्मात मरण पावलेल्या लोकांच्या आतड्यांत आणि रक्तात ती मोजून या गटाने १९८७ मध्ये तो मार्ग दाखवून दिला. लेन यांना जिथे विष दिसलं होतं, तिथे खरं तर स्वयंपाक चालू होता.

आता आपल्या माणसांची गोष्ट, कारण कोंडा म्हणजे सर्वगुणसंपन्न असं समजायचं कारण नाही. १९६० च्या दशकापासून ग्लासगो आणि इतर शहरांत भारत-पाकिस्तानातून आलेल्या कुटुंबांतल्या मुलांना मुडदूस होताना दिसू लागला. मुख्य कारण होतं उन्हाचा तुटवडा आणि त्यामुळे ड जीवनसत्त्वाची कमतरता. संशयाचं एक बोट चपातीकडेही गेलं. कोंड्यातलं फायटिक आम्ल कॅल्शियमला धरून ठेवतं, हे मॅकॅन्स आणि विडोसन या जोडीने युद्धकाळात स्वतःवर प्रयोग करून सिद्ध केलं होतं. म्हणूनच ब्रिटनमध्ये पांढऱ्या पिठात आजही कॅल्शियम मिसळतात. सबंध गव्हाच्या पिठाला ती सक्ती नाही. १९८१ मध्ये सरकारने आशियाई कुटुंबांसाठी मुडदूसविरोधी मोहीम काढली. सावळ्या कातडीच्या लोकांनी इथे वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार करावा, असं एनएचएस आजही सांगते. तेव्हा चपाती सोडू नका, गोळी विसरू नका.

फायटिक आम्लावरचा उपाय आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे. भिजवणं, मोड आणणं, आंबवणं यांनी ते कमी होतं. मोड आलेली मटकी, आंबोळी, नाचणीची आंबील करणाऱ्या बायकांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, पण कृती बरोबर होती.

आज ब्रिटनमध्ये मोठ्या माणसाने रोज ३० ग्रॅम चोथा खावा अशी शिफारस आहे. प्रत्यक्षात पोटात जातो तो सुमारे २० ग्रॅम. आपलीही गत फार वेगळी नसावी. न्याहारीला पांढरा टोस्ट, दुपारी सँडविच, रात्री 'मीडियम' पिठाची पोळी आणि भात, असं तुमचं ताट असेल, तर ते कुन्नूरच्या त्या दुसऱ्या ताटाकडे झुकलं आहे. परत फिरणं अवघड नाही. वेम्बली, हॅरो, लेस्टरच्या दुकानांत ज्वारी-बाजरीचं पीठ मिळतं. उसळ, कोशिंबीर, पालेभाजी, जवसाची नाहीतर कारळाची चटणी यांना डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. फक्त हळूहळू वाढवा आणि सोबत पाणी प्या, नाहीतर पोट फुगून बसेल.

आणि एक विनंती. इंग्लंडमध्ये ५० ते ७४ वयाच्या सर्वांना दर दोन वर्षांनी आतड्याच्या कर्करोगाच्या तपासणीचं किट पोस्टाने घरी येतं. दक्षिण आशियाई घरांत ते परत पाठवण्याचं प्रमाण कमी आहे. संकोच आपल्याकडे जास्त, हे खरं. पण बर्किट यांनी भर सभेत जे बोलून दाखवलं, ते आपण निदान एका बंद लिफाफ्यात घालून पाठवू शकतो. आई-वडील तुमच्याकडे राहत असतील, तर त्यांच्या किटचीही एकदा चौकशी करा.