जुनी तबकडी आणि नवे यंत्र

बाजारातून नवा कंदील आणावा आणि कोनाड्यात जपून ठेवलेल्या जुन्या काचा त्याला बसू नयेत, म्हणजे जिवाला कशी चुटपुट लागते हे वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. टीव्हीला जोडून खेळावयाच्या व्हिडिओ गेमच्या यंत्रांचे मालक हीच चुटपुट गेली पुष्कळ वर्षे सोसत आले आहेत. पोरांचा विषय म्हणून गुरुजींनी तो सोडून देऊ नये. त्यात हिशेबही आहे आणि इतिहासही.

जपानच्या निन्टेंडो कंपनीने १९८३ साली ‘फॅमिकॉम’ नावाचे यंत्र काढले. त्याच्या स्वस्त नकला पुढे आपल्याकडेही आल्या. त्यात खुपसावयाच्या खेळाच्या डबीला आपली मुले ‘कॅसेट’ म्हणत आणि सुटीत त्यांची अदलाबदल करीत. १९९० साली त्याच कंपनीचे ‘सुपर फॅमिकॉम’ आले. चित्र सुरेख, आवाज सुरेख. पण जुनी कॅसेट काही चालेना! पुढल्या वर्षी ते यंत्र अमेरिकेत विकायला गेले तेव्हा आईबाप कुरकुरले. इतके पैसे घालून घेतलेले खेळ आता करायचे काय?

सोनी कंपनीने २००० साली ‘प्लेस्टेशन २’ काढले ते मात्र वेगळ्या धोरणाने. पहिल्या प्लेस्टेशनचा मेंदूच तिने नव्या यंत्रात बसवला. एरवी तो बारीकसारीक ने-आण करी आणि जुनी तबकडी घातली की खेळ चालवायला स्वतः उभा राही. म्हाताऱ्या बैलाला हलके काम देऊन दावणीला राखावे, तसेच हे. ही यंत्रे जगभर पंधरा कोटींहून अधिक खपली. सगळे श्रेय या सोयीला देता येणार नाही, कारण सिनेमाच्या डीव्हीडीही त्यावर दिसत. पण जुन्या गिऱ्हाइकाला नवे यंत्र घेताना काही टाकून द्यावे लागले नाही, हे खरे.

२००६ साली ‘प्लेस्टेशन ३’ आले. त्यातही आधी तीच युक्ती होती. पण अमेरिकेत किंमत ४९९ आणि ५९९ डॉलरवर गेली. मग काटछाट सुरू झाली. २००७ अखेर जी स्वस्त यंत्रे आली, त्यांत प्लेस्टेशन २ च्या तबकड्या चालेनात. आता गंमत पाहा. २००९ साली हैदराबादच्या एका कंपनीने ‘हनुमान : बॉय वॉरियर’ हा खेळ काढला. संपूर्णपणे भारतात तयार झालेला प्लेस्टेशनचा पहिला खेळ म्हणून त्याचा गाजावाजा झाला. पण तो होता प्लेस्टेशन २ साठी! दुकानात नव्याने येणाऱ्या प्लेस्टेशन ३ वर तो लावायची सोयच नव्हती.

तुम्ही म्हणाल, जुने खेळ खेळतो कोण? मायक्रोसॉफ्टचे ‘एक्सबॉक्स वन’ २०१३ साली या सोयीवाचूनच आले. २०१५ मध्ये कंपनीने त्याला आधीच्या यंत्राचे सोंग घ्यायला शिकवले आणि निवडक जुने खेळ त्यावर चालू लागले. २०१७ साली ‘आर्स टेक्निका’ या अमेरिकी नियतकालिकाने अंदाज काढला, की मालकांच्या वेळेपैकी जेमतेम दीड टक्का या खेळांवर जातो. त्यावर कंपनीने सांगितले, की सुमारे निम्म्या मालकांनी या सोयीचा लाभ घेतला आहे. मुलांना शेकडेवारी शिकवताना हे उदाहरण अवश्य घ्यावे. एक आकडा तास मोजतो, दुसरा माणसे, आणि दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात. लग्नकार्याचे मोठे पातेले वर्षातून दोनदा चुलीवर चढते. म्हणून ते कुणी मोडीत घालते काय?

माझे मत विचाराल तर तास मोजणे इथे अपुरे आहे. २०२३ साली अमेरिकेतील ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ या संस्थेने पाहणी केली. २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आता बाजारात विकत मिळत नाहीत, असे तीत दिसले. ज्याच्या घरी तबकडी आहे, त्याच्याच हाती तो खेळ उरला. आणि तीही चालवणारे यंत्र धड आहे तोवरच.

कंपन्यांनाही हे थोडेफार उमगलेले दिसते. २०२० च्या प्लेस्टेशन ५ वर आधीच्या यंत्राचे बहुतेक खेळ चालतात. निन्टेंडोच्या २०२५ च्या ‘स्विच २’ वरही तसेच. मात्र प्लेस्टेशन ५ चा एक स्वस्त प्रकार तबकडीच्या खाचेवाचून निघाला. तो घेणाऱ्याने कपाटातली जुनी तबकडी घालावी तरी कुठे?