प्रेक्षकांची साक्ष

चित्रपटाचा जागतिक इतिहास सांगतांना यंत्रांचा शोध, दिग्दर्शकांची प्रतिभा आणि नटनटींचें वैभव यांचें वर्णन पुष्कळ होतें. परंतु तिकीट काढून बांकावर बसलेल्या माणसास काय वाटलें, याची विचारपूस क्वचितच होते. हिंदुस्थानांत ती एकदां झाली, आणि नवल असें कीं, ती परकीय सरकारनेंच केली.

१९२७ सालीं दिवाण बहादुर टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखालीं सिनेमाच्या चौकशीसाठीं एक समिति नेमण्यांत आली. तींत तीन सभासद हिंदी व तीन इंग्रज होते. वरवर पाहतां हेतु लोकहिताचा; आंतील गोष्ट निराळी होती. पडद्यावर त्या काळीं अमेरिकन चित्रपटांचें राज्य होतें. त्यांतील गोऱ्या स्त्रीपुरुषांचे विलास पाहून साहेबाचा दरारा कमी होईल ही एक धास्ती, आणि ब्रिटिश मालास ही बाजारपेठ मिळावी ही दुसरी इच्छा. समितीनें ४,३२५ प्रश्नपत्रिका पाठविल्या, गांवोगांव बैठका भरविल्या आणि ३५३ साक्षीदारांच्या जबान्या घेतल्या. महात्मा गांधींनीं मात्र आपण कधीं सिनेमास गेलोंच नाहीं, असें कळवून प्रश्नपत्रिका बाजूस सारली.

साक्षीदारांत दादासाहेब फाळकेही होते. मुंबईच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्यें ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहून आपल्या मनांत हा उद्योग कसा शिरला, हें त्यांनीं समितीस सांगितलें. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं कॉरोनेशनमध्यें लागला, त्याचें मूळ या एका प्रेक्षकाच्या खुर्चींत आहे. जगाचा चित्रपट पाहून आपला चित्रपट सुचला, ही कबुली देण्यांत त्यांना कमीपणा वाटला नाहीं.

या चौकशींतून जें निघालें, तें सरकारास मानवणारें नव्हतें. सामान्य प्रेक्षकास देशी चित्रपटच अधिक प्रिय होता. ओबडधोबड असला तरी त्यांतील राम, कृष्ण, हरिश्चंद्र त्याच्या ओळखीचे होते. इंग्रजी शिकलेला वर्ग मात्र विलायती चित्रपटांकडे धांवे आणि देशी चित्रपटास नाकें मुरडी. (हा वर्ग अजूनही नामशेष झालेला नाहीं.) साम्राज्याच्या मालास खास सवलत देण्याची कल्पना समितीनें नाकारली आणि देशी निर्मात्यांस कर्ज द्यावें, अशी शिफारस केली. १९२८ चा तो अहवाल सरकारनें फडताळांत ठेवून दिला.

सरकारनें जें केलें नाहीं तें खाजगी भांडवलानें मालाडला घडलें. हिमांशु राय यांनीं १९३४ सालीं तेथें बॉम्बे टॉकीज ही कंपनी काढली आणि दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन व छायाचित्रकार जोसेफ विर्शिंग हे जर्मन कलावंत आणले. उपनगरांतील त्या आवारांत जर्मन कसब आणि हिंदी कथा यांची गांठ पडली. येथेंही प्रेक्षकांनीं आपलें मत गाजविलें. १९३५ च्या ‘जवानी की हवा’ या पहिल्याच चित्रपटांत दोन पारशी भगिनींनीं काम केलें म्हणून पारशी समाजांत कोण गहजब झाला! पुढील वर्षींचा ‘अछूत कन्या’ मात्र लोकांनीं डोक्यावर घेतला. ब्राह्मण तरुण आणि अस्पृश्य मुलगी यांच्या प्रेमाची ती कथा होती. १९३९ सालीं महायुद्ध पेटलें, जर्मन मंडळी स्थानबद्ध झालीं. १९४० सालीं हिमांशु राय वारले. कंपनी १९५४ पर्यंत तग धरून राहिली.

समितीची कर्जाची कल्पना स्वतंत्र हिंदुस्थानांत १९६० सालीं फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या रूपानें साकार झाली. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ सालीं निघालें, पण तोंवर बहुतेक मूकपट कायमचे गेले होते. नायट्रेटची फीत लवकर कुजते आणि क्षणांत पेटते. २००३ सालीं पुण्यास लागलेल्या आगींत जपून ठेवलेल्या जुन्या फितींचाही मोठा सांठा जळाला. त्या ३५३ जणांच्या जबान्या मात्र छापील खंडांत शाबूत आहेत. ज्या चित्रपटांविषयीं ते इतक्या हिरीरीनें बोलले, त्यांतले बहुतेक आतां कोणासही पाहतां येत नाहींत.