फवारणीची भिंत : चांदा-गडचिरोलीतील हिवतापाचा इतिहास

मागच्या व्याख्यानात आपण झाडीपट्टीतल्या तलावांविषयी बोललो. गोंड राजवटीपासून बांधले गेलेले, पुढे मालगुजारांकडे राहिलेले आणि मालगुजारी गेल्यावर सरकारकडे आलेले हे 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्याने विचारले, "सर, तलावांचं कौतुक ठीक आहे, पण मच्छरांचं काय?" प्रश्न रास्त आहे. पाणी आणि रान घराच्या दाराशी आले की डासही येतो. तेव्हा आज डासांच्या बंदोबस्ताचा इतिहास पाहू.

आज चंद्रपुरात रामाळा तलावाच्या आसपास राहणारा माणूस डास फार झाले की नगरपालिकेच्या, आता महानगरपालिकेच्या, धुराच्या गाडीची वाट बघतो, नाहीतर पैसे देऊन फवारणीवाल्याला बोलावतो. पण आमच्या पिढीला डास मारणारा व्यावसायिक म्हणजे एकच माणूस ठाऊक होता : खाकी कपड्यांतला, हातात पंप घेतलेला सरकारी फवारणी कामगार. तो फुकट यायचा, भिंती पांढऱ्या करायचा आणि दाराशेजारी तारीख लिहून पुढच्या घरी जायचा. आजचा विषय तो माणूस आणि ती भिंत.

आधी भिंतीचाच विचार करू, कारण सगळा तर्क तिथेच आहे. डास हिवताप पसरवतो हे रोनाल्ड रॉस यांच्या कामामुळे कळले. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला त्यांना डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू दिसला. त्यानंतर पहिला विचार साहजिकच पाण्याचा झाला. डबकी बुजवा, तेल टाका, गप्पी मासे सोडा. शहरात हे जमते. मुंबईत विहिरी झाकण्यावरून केवढे वाद झाले! पण झाडीपट्टीत काय बुजवणार? धानाच्या बांध्या? बोड्या? जंगलातून झुळझुळणारा प्रत्येक नाला? इथला एक डास, अॅनोफिलिस क्युलिसिफेसीस, धानशेतीच्या आणि साचलेल्या पाण्यात वाढतो. दुसरा, अॅनोफिलिस फ्लुविएटिलिस, संथ वाहणाऱ्या स्वच्छ ओढ्यात. म्हणजे घाण पाणी काढले की डास गेले, हा आपला शहरी समज इथे अगदीच लंगडा पडतो. हिवतापाच्या डासाला स्वच्छ पाणी चालते.

मग डीडीटी आले. पॉल म्युलर या स्विस रसायनशास्त्रज्ञाने १९३९ मध्ये त्याचा कीटकनाशक गुण शोधला आणि १९४८ मध्ये त्याला नोबेल मिळाले. डीडीटीची खुबी अशी की ते उडत्या डासावर मारायचे नसते, भिंतीवर मारायचे असते. मादी रक्त पिऊन जड होते आणि जवळच्या भिंतीवर टेकते. भिंतीवर औषध असले तर ती मरते. आता इथे गंमत बघा. डासाच्या अंगात हिवतापाचा जंतू तयार व्हायला दहा-बारा दिवस लागतात. तोवर ती मादी रक्तासाठी पुन्हा पुन्हा घरात येते आणि पुन्हा पुन्हा भिंतीवर बसते. म्हणजे पहिल्याच चाव्याला डास मरायला हवा असे नाही, तो म्हातारा होऊ नये एवढेच पुरे. जॉर्ज मॅकडोनाल्ड यांनी १९५० च्या दशकात हे गणिताने मांडले. आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले, पण इतका देखणा युक्तिवाद क्वचित पाहिला.

आणि तो खरा ठरला. मुंबई प्रांतात डॉ. विश्वनाथन यांनी १९४६ पासून धारवाड आणि कारवारकडच्या खेड्यांत ही फवारणी करून दाखवली. १९५३ मध्ये देशाचा हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता. त्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो आणि आठ लाख मरतात, असा अंदाज होता. १९५८ मध्ये 'नियंत्रण' शब्द जाऊन 'निर्मूलन' आला. १९६५ च्या सुमारास देशभरातले रुग्ण लाखावर आले. साडेसात कोटींवरून एक लाख! या यशाची थट्टा कुणी करू नये.

पण प्रत्येक युक्तिवादाच्या पोटात एक गृहीतक असते. इथे गृहीतक असे : माणूस रात्री घरात झोपतो, घराला भिंती असतात, आणि भिंत फवारली की फवारलेलीच राहते.

भामरागड, एटापल्लीकडे या तिन्ही गोष्टी तपासून बघा. घर पुष्कळदा कुडाचे, वर मातीचा लेप. सणासुदीला, लग्नकार्याला घरची बाई भिंत नव्याने लिंपते. तिच्या दृष्टीने ती स्वच्छता. फवारणीच्या दृष्टीने औषध मातीखाली गाडले गेले. डीडीटीचा परिणाम अडीच-तीन महिने टिकायचा, लिंपण झाले की तो त्या दिवशीच संपला. मग वरून आदेश, फवारणीनंतर भिंती लिंपू नका. जणू दिवाळी हिवताप कार्यालयाला विचारून येते!

दुसरे, झोप. भाद्रपदापासून धान निसवायला लागले की रानडुकरांपासून राखायला शेतावर जागल सुरू होते. रात्र मचाणावर किंवा पाल्याच्या खोपीत. पुढे बांबूतोड, उन्हाळ्यात मोहफुले आणि तेंदूपाने. हिवताप जोरात असतो तो पावसाळ्यापासून हिवाळ्याच्या तोंडापर्यंत, म्हणजे नेमका जागलीचा काळ. खोपीला भिंतच नाही, फवारणार कशावर? कागदावर शंभर टक्के घरे फवारलेली आणि माणूस उघड्यावर.

तिसरे, माणसांचे मन. सुरुवातीला लोकांनी डीडीटीचे स्वागत केले ते पुष्कळदा ढेकणांमुळे. ढेकूण मरायचे, झोप लागायची. काही वर्षांत ढेकणांना औषध पचू लागले आणि लोक म्हणू लागले, औषधात दम नाही. पाठोपाठ देवघर फवारू नका, चुलीजवळ नको, धान्याची कणगी बाहेर कोण काढणार. हे अडाणीपण म्हणून टाकून देणे सोपे आहे. आम्हाला तसे वाटत नाही. ज्याचा फायदा डोळ्यांना दिसत होता तो ढेकूण. हिवताप कमी झाला हे आकडे ठेवणाऱ्यालाच दिसते.

डासही शिकत होते. क्युलिसिफेसीसवर डीडीटी चालेनासे झाल्याची नोंद गुजरातेत १९५९ मध्येच झाली. जागतिक आरोग्य संघटनेने १९५५ मध्ये घोषित केलेली जगव्यापी निर्मूलनाची मोहीम १९६९ मध्ये गुंडाळली. भारतात १९७६ मध्ये रुग्णसंख्या चौसष्ट लाखांवर गेली आणि १९७७ पासून सुधारित योजना आली. पुढे औषधे बदलली; मॅलॅथिऑन आले, मग सिंथेटिक पायरेथ्रॉइड. भिंत मात्र बदलली नाही.

या काळात हेमलकशाला काय चालले होते? १९७३ मध्ये बाबा आमट्यांनी तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांच्याकडे येणाऱ्या माडिया रुग्णांत हिवताप मोठा होता, मेंदूपर्यंत गेलेला सुद्धा. फाल्सिपेरम जातीचा जंतू थोड्या दिवसांत मूल नेतो. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. राज्यातल्या हिवतापात त्याचा वाटा वर्षानुवर्षे मोठा राहिला आहे. तेव्हा 'देशात हिवताप एक लाखावर आला' या वाक्यातला देश कुठे संपत होता, हे विचारायला हवे.

अलीकडे औषधयुक्त मच्छरदाणी आली. आमच्या मते हा नुसता साधनातला बदल नाही. मच्छरदाणी गुंडाळून खांद्यावर टाकता येते, मचाणावर बांधता येते. भिंतीला जे जमत नव्हते ते तिला जमते : ती माणसाबरोबर चालते. अर्थात कुटुंबात माणसे पाच आणि मच्छरदाण्या दोन असल्या, तर शेतावर कुठली न्यायची आणि पोरांवर कुठली टाकायची, हा हिशेब घरात होतोच.

फवारणी थांबलेली नाही, थांबवूही नये. घरात झोपणाऱ्या बाळंतिणीला आणि तान्ह्या मुलाला तीच भिंत राखते. फक्त ती करणारी माणसे हंगामी आहेत. पावसाळ्यापुरते काम, मग घरी. आणि वेळापत्रकाचे काय? पहिली फेरी पावसाच्या तोंडावर, दुसरी अडीच महिन्यांनी, म्हणजे ऐन पावसात. तेव्हा पर्लकोटेला पूर येतो, पुलावरून पाणी जाते आणि भामरागडचा रस्ता बंद होतो. पंप अलीकडे, भिंती पलीकडे.

प्रश्न घेऊ या.