आरसा गेला आणि जुनी लेन्स परतली
कॅमेऱ्याच्या ज्या कड्यावर लेन्स बसते, तिथपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतच्या अंतराला फ्लँज अंतर म्हणतात. हाताने फोकस करायची जुनी लेन्स एखाद्या डिजिटल कॅमेऱ्यावर नीट चालेल की नाही, हे काचेच्या दर्जापेक्षा या अंतरावरच जास्त ठरते. लेन्स ठरलेल्या जागेपेक्षा जेमतेम मिलिमीटरभर पुढे बसली, तरी जवळचे चेहरे टिपता येतात, पण दूरचा डोंगर स्पष्ट उमटत नाही. जुन्या लेन्सच्या पुनरागमनाचे श्रेय सहसा जुन्या काळच्या ओढीला दिले जाते. ती ओढ खरीच, पण वाट मोकळी करून दिली ती या मिलिमीटरच्या हिशेबाने.

१९४९ साली ड्रेस्डेनच्या झाइस आयकॉनने काँटॅक्स एस हा कॅमेरा आणला. त्याच्या तोंडाशी ४२ मिलिमीटर व्यासाचे आटे होते आणि लेन्स त्यात फिरवून बसवायची होती. फ्लँज अंतर होते ४५.४६ मिलिमीटर. ‘एम ४२’ या नावाने ओळखला जाणारा हा माउंट कोणा एका कंपनीच्या ताब्यात राहिला नाही. पूर्व जर्मनीच्या प्राक्टिकाने तो वापरला, १९५७ पासून जपानच्या असाही पेंटॅक्सने वापरला, पुढे सोव्हिएत झेनिटनेही वापरला. त्यामुळे या आट्यांच्या लेन्स अमाप तयार झाल्या.

त्यांतली सर्वांत नावाजलेली म्हणजे क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्याची हेलिओस-४४. ५८ मिलिमीटर, एफ २. तिचा आराखडा मूळचा येना येथील कार्ल झाइसच्या बायोटारचा. विली मेर्टे यांनी मांडलेला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत हाती आलेला. चार गटांत बसवलेल्या सहा काचा, एवढीच तिची रचना. हेलिओस-४४-२ या आवृत्तीवर अ‍ॅपर्चरसाठी दोन कडी असतात. एका कड्यावर हवा तो आकडा, समजा एफ ८, आधी लावून ठेवायचा. दुसरे कडे पूर्ण उघडून भरपूर उजेडात फोकस जुळवायचा, मग तेच कडे न बघता अडेपर्यंत फिरवायचे. अ‍ॅपर्चरची पाती बरोबर एफ ८ वर थांबतात. डोळा व्ह्यूफाइंडरवरून न हलवता करायची ही कृती अतिशय विचारपूर्वक योजलेली आहे.

या लेन्सची ख्याती मात्र तिच्या एका दोषामुळे आहे. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे असताना कडेने तिरपे येणारे किरण लेन्सच्या नळीच्या काठाशी अडतात. त्यामुळे पार्श्वभूमीतले प्रकाशाचे ठिपके मध्यभागी गोल, तर कडेला बदामाच्या आकाराचे दिसतात आणि हे बदाम केंद्राभोवती फेर धरतात. मागे पानांची जाळी असेल, तर सारी झाडी भोवऱ्यासारखी गरगरते. आखणाऱ्यांच्या दृष्टीने ही उणीव होती. आज अनेक जण हेलिओस विकत घेतात ते याच भोवऱ्यासाठी.

१९७५ मध्ये पेंटॅक्सने आटे सोडून के माउंट घेतला. १९८५ मध्ये मिनोल्टा ७००० मुळे ऑटोफोकस सर्वसामान्यांपर्यंत पोहोचला. १९८७ मध्ये कॅननने ईएफ माउंट आणला आणि त्याच्याच आधीच्या एफडी लेन्सचा मोठा ताफा एका फटक्यात बाजूला पडला. एफडीचे फ्लँज अंतर ४२ मिलिमीटर, ईएफचे ४४. मध्ये दोन्हींना जोडणाऱ्या कड्याला, म्हणजे अ‍ॅडॅप्टरला, जागाच नाही. कॅननच्या स्वतःच्या लेन्स कॅननच्याच नव्या कॅमेऱ्यावर दूरचे टिपू शकत नव्हत्या, आणि एम ४२ च्या परक्या लेन्स मात्र दीड मिलिमीटरच्या पातळ कड्याने तिथे व्यवस्थित चालत होत्या. निकॉनचे अंतर ४६.५ मिलिमीटर असल्याने निकॉनवाल्यांना हीही सोय नव्हती. अ‍ॅडॅप्टरमध्ये जादा काच घालावी लागे आणि ती चित्र बिघडवी.

एवढे अंतर लागत होते ते लेन्समधला उजेड व्ह्यूफाइंडरकडे वळवणाऱ्या आरशासाठी. २००८ मध्ये पॅनासॉनिकने लुमिक्स जी १ मधून आरसा काढून टाकला आणि फ्लँज अंतर सुमारे २० मिलिमीटरवर आले. २०१० मध्ये आलेल्या सोनीच्या ई माउंटचे तर अवघे १८. आता अ‍ॅडॅप्टर म्हणजे काच नसलेली, योग्य लांबीची पोकळ नळी. अडगळीतल्या एफडी लेन्सना यामुळे खऱ्या अर्थाने न्याय मिळाला. डोळ्यांची अडचणही दूर झाली. ऑटोफोकससाठी घडवलेल्या व्ह्यूफाइंडरमध्ये हाताने फोकस जुळवणे अवघड होते; इलेक्ट्रॉनिक पडद्यावर हवा तो भाग मोठा करून पाहता येतो आणि ‘फोकस पीकिंग’ स्पष्ट कडा रंगवून दाखवते.

तरी आरसा नसलेल्या या कॅमेऱ्यांवर हेलिओसचा भोवरा काही काळ अर्धामुर्धाच दिसत होता. पॅनासॉनिकचा सेन्सर लहान, त्यामुळे चित्राचा फक्त मधला भाग हाती यायचा आणि भोवरा असतो कडेला. २०१३ च्या सोनी ए ७ मध्ये ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे फिल्मच्याच मापाचा सेन्सर आला आणि जुन्या लेन्सचे संपूर्ण चित्र पुन्हा मिळू लागले.

सगळ्याच लेन्स मात्र साथ देत नाहीत. लायकाच्या काही वाइड लेन्सची मागची काच सेन्सरच्या फार जवळ येते. सेन्सरवरच्या आवरणातून तिरपे किरण जाताना कोपरे फिस्कटतात. पेंटॅक्सच्या काही ताकुमार लेन्समध्ये थोरियमयुक्त काच आहे. ती काळाने पिवळी पडते, अतिनील प्रकाशात ठेवल्यावर बरीच निवळते. आपल्याकडे, विशेषतः मुंबई-कोकणच्या दमट हवेत, खरी भीती बुरशीची. लेन्स घेण्यापूर्वी ती उजेडासमोर धरून आत जाळे दिसते का, हे पाहिलेच पाहिजे.

कॅमेऱ्यातच हादरा-प्रतिबंध आल्यावर जुन्या लेन्सना तोही लाभ मिळाला. लेन्स स्वतःची ओळख सांगू शकत नसल्याने हेलिओससाठी ‘५८’ हा फोकल लांबीचा आकडा तेवढा हाताने भरावा लागतो. २०१८ मध्ये कॅननने २० मिलिमीटरचा आरएफ आणि निकॉनने १६ मिलिमीटरचा झेड माउंट आणला. जादा काचेशिवाय एम ४२ ची लेन्स पूर्ण क्षमतेने वापरणे निकॉनवाल्यांना तेव्हा कुठे शक्य झाले. मध्ये लागते ती साडेएकोणतीस मिलिमीटरची पोकळ नळी.