गोल्ड कोस्ट, घाना आणि आमचे वऱ्हाड

माझ्या लहानपणी शाळेच्या भिंतीवर आफ्रिकेचा एक जुना नकाशा टांगलेला असे. त्यात पश्चिम किनाऱ्यावर 'गोल्ड कोस्ट' असे छापलेले होते आणि कुणीतरी शाईने ते खोडून वर 'घाना' लिहिले होते. पुढे मी स्वतः इतिहास शिकवू लागलो, तेव्हा मुले विचारायची, "सर, देशाचे नाव कसे काय बदलते?" उत्तर आफ्रिकेपासून सुरू व्हायचे आणि तास संपेपर्यंत मी आपल्या बुलढाणा जिल्ह्यात येऊन पोचायचो.

गोल्ड कोस्ट म्हणजे सोन्याचा किनारा. शेजारी आयव्हरी कोस्ट, हस्तिदंताचा किनारा. ही नावे तिथल्या लोकांनी ठेवलेली नव्हती. जहाजे घेऊन आलेल्या युरोपीय व्यापाऱ्यांनी ती ठेवली, तिथून काय नेता येते त्यावरून. पोत्यावर मालाचे नाव लिहावे तसे!

क्वामे एन्क्रुमा यांनी १९५० मध्ये गांधीजींच्या मार्गावरून संप आणि बहिष्काराची चळवळ केली. ते तुरुंगात गेले आणि तुरुंगात असतानाच १९५१ ची निवडणूक जिंकले. त्यानंतर १९५४ आणि १९५६ मध्ये पुन्हा निवडणुका झाल्या, आणि ६ मार्च १९५७ रोजी देश स्वतंत्र झाला. नवे नाव घेतले घाना. गंमत पहा, घाना नावाचे प्राचीन राज्य या देशात नव्हतेच. ते वायव्येला शेकडो मैलांवर, आजच्या मॉरिटानिया आणि माली या देशांच्या भूमीवर होते. मग तेच नाव का? कारण गोरे येण्याआधी आमच्याकडेही मोठी राज्ये होती, हे जगाला सांगायचे होते.

आता आपल्याकडे वळू. १८५३ मध्ये निजामाने फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात दिले. सावकाराकडे शेत गहाण पडावे तसे. इंग्रजांना इथेही सोने दिसले, पण पांढरे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना आमचा कापूस लागू लागला. १८७० मध्ये तर खामगावच्या कापूस बाजारासाठी रेल्वेचा खास फाटा आला. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांवर वऱ्हाडचा कायमचा पट्टा करून घेतला आणि पुढच्याच वर्षी ते मध्य प्रांताला जोडले. १९३६ मध्ये आणखी एक करार झाला. मालकी नावापुरती निजामाची, कारभार इंग्रजांचा, आणि निजामाच्या वारसाला पदवी 'प्रिन्स ऑफ बेरार'. या सगळ्या सह्यांमध्ये मेहकरच्या किंवा चिखलीच्या शेतकऱ्याला एकदाही कुणी विचारले नाही.

१५ ऑगस्ट १९४७ ला इथेही तिरंगा फडकला. पण निजामाचा वऱ्हाडवरचा दावा पुरता मिटला तो सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबादवर पोलीस कारवाई झाल्यावरच. २६ जानेवारी १९५० ला 'मध्य प्रांत व वऱ्हाड' जाऊन 'मध्य प्रदेश' हे नाव आले. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. म्हणजे १९४० साली चिखलीत जन्मलेल्या माणसाने घरची चूल न हलवता विसाव्या वर्षापर्यंत चार राज्ये पाहिली! विदर्भ वेगळा असावा असे म्हणणारेही होते, आजही आहेत. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने तशी शिफारसही केली होती. पण हा वाद निदान आपल्या माणसांचा आपसात होता. सभा झाल्या, मोर्चे निघाले, मते मागितली गेली. १८५३ च्या आणि १९६० च्या बदलात मला मोठा फरक वाटतो तो हाच.

तासाच्या शेवटी मी मुलांना साखरखेर्ड्याला न्यायचो, अर्थात गोष्टीतून. सिंदखेडराजा तालुक्यातल्या या गावाजवळ १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्कने मुबारिजखानाचा पराभव केला आणि दख्खनमध्ये स्वतःची सत्ता पक्की केली. ज्या राज्याने पुढे आम्हाला गहाण टाकले, त्याचा पाया आमच्याच जिल्ह्यात घातला गेला. विजयाची खूण म्हणून गावाला नवे नाव दिले, फत्तेखेर्डा. ते सरकारदप्तरी चाललेही. पण आज एसटी स्टँडवर जाऊन फत्तेखेर्ड्याचे तिकीट मागून पहा. कंडक्टर तुमच्या तोंडाकडे पाहत राहील. लोकांनी आपले साखरखेर्डा सोडले नाही.

घानाचे नाव दूरचे होते, तरी ते लोकांनी आपले मानले म्हणून टिकले. फत्तेखेर्डा जवळचे होते, पण ते जिंकणाऱ्याचे होते. कागदावरचे नाव सत्ता बदलते, तोंडातले नाव माणसे ठरवतात, एवढेच मी मुलांना सांगत असे.

आणि वऱ्हाडचे काय? १९५० पासून ते कुठल्याच राज्याच्या नावात नाही. पण आमच्याकडच्या माणसाला त्याची बोली कोणती ते विचारा. तो 'वऱ्हाडी' असेच सांगेल.