कपाशीच्या रानांतील खेळाडू

तापीकांठच्या काळ्या जमिनींत कापूस फुटूं लागला, म्हणजे नंदुरबार जिल्ह्यांतील शहादें, तळोदें या बाजूच्या शेतांतून बायामुली कमरेच्या ओटींत कापूस भरीत दिवसभर वांकलेल्या दिसतात. कापसाची वेचणी हें स्त्रियांचें काम, हें तेथें कोणास सांगावें लागत नाहीं. या कापसाचा आणि अमेरिकेचा एक जुना संबंध आहे. १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, दक्षिणेकडील बंदरांची कोंडी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्या कच्च्या मालावांचून बंद पडूं लागल्या. तेव्हां खानदेशच्या कापसाला पूर्वीं कधीं न मिळालेला भाव आला. युद्ध संपलें आणि भावही उतरला. ज्या प्रदेशाचा कापूस अडकून पडल्यामुळें खानदेशच्या शेतकऱ्यानें चार पैसे पाहिले, त्याच प्रदेशांतील कापूस वेचणाऱ्या एका मुलीची ही हकीकत आहे.

ल्यूशिया हॅरिस हिचा जन्म १० फेब्रुवारी १९५५ रोजीं मिसिसिपी राज्यांतील मिंटर सिटी या खेड्यांत झाला. सिटी म्हणजे शहर. पण तें केवळ नांवांत. कुटुंब कृष्णवर्णीय, घर शेतकऱ्याचें आणि भावंडांचा गोतावळा मोठा. लहानपणीं तिनें शेतांत कापूस वेचला आणि परसांत टांगलेल्या कडीमध्यें भावंडांबरोबर चेंडूही टाकला. रात्रीं निजावयाची वेळ टळून गेल्यावर पांघरुणाच्या आडून दूरचित्रवाणीवर ऑस्कर रॉबर्टसन या नामांकित खेळाडूचा खेळ पाहावयाचा, हा तिचा चोरटा अभ्यास. तिची उंची पुढें सहा फूट तीन इंच झाली. शाळेंतील मुलें तिला उंचीवरून चिडवीत. ज्या उंचीनें वर्गांत खालीं मान घालावयास लावलें, तिच्याच बळावर तिनें ग्रीनवुड येथील अमँडा एल्झी शाळेंत असतांना एका सामन्यांत एकटीनें ४६ गुण मिळविले.

बास्केटबॉल हा खेळ डॉ. जेम्स नेस्मिथ यांनीं १८९१ सालीं स्प्रिंगफील्ड येथें काढला, हें बहुतेकांना ठाऊक असतें. त्यानंतर थोड्याच महिन्यांत तो मुलींच्या महाविद्यालयांत गेला, हें मात्र फारसें सांगितलें जात नाहीं. जवळच्याच स्मिथ कॉलेजांतील व्यायामशिक्षिका सेंडा बेरेन्सन यांनीं तो आपल्या विद्यार्थिनींना शिकविला आणि मार्च १८९३ मध्यें दोन वर्गांतील मुलींचा सामना लाविला. पुरुषांना प्रवेश नव्हता. तीन वर्षांनीं, १८९६ च्या एप्रिलांत, कॅलिफोर्नियांत स्टॅनफर्ड आणि बर्कले या दोन विद्यापीठांतील मुली एकमेकींशीं खेळल्या. स्टॅनफर्ड जिंकलें, तें दोन गुणांस एक अशा फरकानें! आजच्या खेळाडूला या आकड्याचें हसूं येईल.

परंतु बाई खेळूं लागली तरी तिनें किती धांवावें, याची काळजी वाहणारे पुष्कळ होते. बेरेन्सनबाईंनीं स्वतःच मैदानाचे तीन भाग पाडले आणि ज्या खेळाडूचा जो भाग, तो तिनें ओलांडूं नये असें ठरविलें. दुसरीच्या हातांतला चेंडू हिसकावूं नये, तीन सेकंदांहून अधिक वेळ तो जवळ ठेवूं नये, तीनदांहून अधिक वेळां तो जमिनीवर आपटूं नये. बाईंचा हेतु वाईट नव्हता. मुलींचा खेळ धसमुसळा झाला तर तो मुळांतच बंद पडेल, ही त्यांची धास्ती होती, आणि ती खोटी नव्हती असें पुढील इतिहासावरून दिसतें. पण मैदानावर आंखलेल्या त्या रेषा तीन पिढ्या पुसल्या गेल्या नाहींत. अर्ध्या मैदानावर नुसतें रक्षण करणारी मुलगी, टोपलींत चेंडू कसा टाकावा हें न शिकतांच खेळांतून निवृत्त होई. संपूर्ण मैदानावर पांच जणींनीं खेळण्याचा नियम अमेरिकेंतील महाविद्यालयीन मुलींसाठीं १९७१ सालीं आला. तेव्हां ल्यूशिया सोळा वर्षांची होती.

मिसिसिपींतील क्लीव्हलंड गांवीं डेल्टा स्टेट नांवाचें महाविद्यालय आहे. तेथें १९३० च्या सुमारास मार्गारेट वेड नांवाची विद्यार्थिनी संघाची नायिका होती. त्या संघाचा खेळ उत्तम चालला असतां महाविद्यालयानें १९३२ नंतर मुलींचा बास्केटबॉल बंदच केला. कारण काय, तर तरुण स्त्रियांच्या प्रकृतीला हा खेळ झेपणारा नाहीं. मुलींनीं निषेध म्हणून आपले खेळाचे पोशाख जाळून टाकले. वेडबाईंनीं पुढें अनेक वर्षें त्याच गांवच्या शाळेंत मुलींना खेळ शिकविला. शिक्षणसंस्थांत स्त्रीपुरुष असा भेद करण्यास मनाई करणारा कायदा अमेरिकेंत १९७२ सालीं झाला आणि पुढच्याच वर्षीं डेल्टा स्टेटनें एकेचाळीस वर्षांपूर्वीं मोडलेला संघ पुन्हां उभा केला. त्याची मार्गदर्शिका म्हणून बोलावणें आलें, तें मार्गारेट वेड यांनाच. त्या वेळीं त्यांनीं वयाची साठी गांठली होती.

ल्यूशियाचा विचार कृष्णवर्णीयांच्या अल्कॉर्न महाविद्यालयांत जाण्याचा होता. तेथें मुलींचा संघ नव्हता. डेल्टा स्टेटच्या प्रवेशविभागांतील एका गृहस्थांनीं तिला नव्या संघाची वार्ता दिली आणि ती १९७३ सालीं तेथें आली. संघांत ती एकटीच कृष्णवर्णीय. खेळाडू म्हणून शिष्यवृत्ति मुलींना मिळत नसे. अभ्यासाची शिष्यवृत्ति आणि फावल्या वेळांत महाविद्यालयाचेंच काम करून मिळणारा मोबदला यांवर तिनें शिक्षण केलें. गोऱ्या विद्यार्थ्यांचें हें महाविद्यालय कृष्णवर्णीयांना खुलें होऊन फार वर्षें झालीं नव्हतीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे पुढें तेथील वार्षिक उत्सवाची राणी म्हणून तिची निवड झाली, याचें महत्त्व कळतें.

तिच्या खेळांत डामडौल नव्हता. ती टोपलीजवळ उभी राही, चेंडू हातीं येतांच वळे आणि टाकी. टाकलेला चेंडू कडीवरून उसळला तर तो पुन्हां हस्तगत करण्यांत तिची बरोबरी करणारें कोणी नव्हतें. १९७५ च्या मोसमांत डेल्टा स्टेट एकही सामना हरलें नाहीं. त्या वर्षींच्या अंतिम सामन्यांत त्यांची गांठ इमॅक्युलाटा या लहानशा कॅथॉलिक महाविद्यालयाशीं पडली. इमॅक्युलाटानें लागोपाठ तीन वर्षें विजेतेपद राखलें होतें. डेल्टा स्टेट ९० विरुद्ध ८१ गुणांनीं जिंकलें. त्यांत ल्यूशियाचे गुण ३२. पुढच्या वर्षीं तोच प्रतिस्पर्धी आणि तोच निकाल. १९७७ सालीं लुइझियानाच्या संघाला हरवून तिसरें विजेतेपद आलें. त्याच वर्षीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें तिनें एका सामन्यांत ४७ गुण केले. चार वर्षांत तिचे गुण झाले २,९८१. म्हणजे सामन्यास सरासरी पंचवीसहून अधिक.

या मधल्या काळांतच ऑलिंपिक आलें. पुरुषांचा बास्केटबॉल १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकपासून खेळला जात होता. स्त्रियांना त्यासाठीं चाळीस वर्षें थांबावें लागलें. १९७६ सालीं माँट्रिअल येथें पहिला सामना जपान आणि अमेरिका यांच्यांत झाला, आणि स्त्रियांच्या ऑलिंपिक बास्केटबॉलमधील पहिली टोपली ल्यूशिया हॅरिस हिनें केली. गंमत अशी कीं, तो सामना मात्र अमेरिका हरली. सोव्हिएट संघांत उलियाना सेम्योनोव्हा नांवाची जवळजवळ सात फूट उंचीची खेळाडू होती; तिच्यापुढें ल्यूशियाला आयुष्यांत प्रथमच मान वर करून पाहावें लागलें असेल. सोव्हिएट संघाला सुवर्णपदक आणि अमेरिकेला रौप्यपदक मिळालें. अमेरिकन संघांत सर्वांत अधिक गुण ल्यूशियाचेच होते.

१९७७ सालीं ती पदवीधर झाली. वय बावीस, अंगांत पुरेपूर सामर्थ्य, देशांत तिच्या तोडीची दुसरी खेळाडू नाहीं. आतां पुढें काय? पुरुष खेळाडूला या ठिकाणीं धनिक संघ बोलावून नेत आणि लाखांचे करार करीत. स्त्रियांचा असा संघच देशांत नव्हता. त्या जूनमध्यें न्यू ऑर्लिअन्स जॅझ या पुरुषांच्या संघानें आपल्या निवडींत १३७ व्या क्रमांकावर तिचें नांव घातलें. त्या संस्थेच्या निवडींत अधिकृतपणें नांव आलेली ती एकटीच स्त्री. वर्तमानपत्रांना बातमी झाली. पण ल्यूशियानें तें बोलावणें मनावर घेतलें नाहीं. हा प्रसिद्धीचा खेळ आहे असें तिला वाटलें. शिवाय तिचें लग्न झालेलें होतें आणि पहिलें मूल व्हावयाचें होतें. तिच्या जागीं असलेल्या कोणत्याही शहाण्या मुलीनें हेंच केलें असतें. पुरुषांच्या संघांत एक बाई हें नवल ठरलें असतें, निर्वाहाचा मार्ग ठरला नसता.

या बाबतींत आपल्याकडील व्यवस्था वेगळी, आणि कांहीं अंशीं अधिक व्यवहारी आहे. नंदुरबारच्या महाविद्यालयांतील मुलगी प्रथम जळगांवच्या विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत उतरते, तेथून निवड झाली तर आंतरविद्यापीठीय स्पर्धेंत. त्यापुढें, खेळ तसाच असेल तर, रेल्वेची नोकरी. नंदुरबारवरून जाणाऱ्या सुरत-भुसावळ मार्गाकडे कोणी खेळाडूंचा आश्रयदाता म्हणून पाहात नसेल. परंतु रेल्वे खात्यानें खेळाडू स्त्रियांना पगार, हुद्दा आणि सरावाची सवड दिली, म्हणूनच राष्ट्रीय स्पर्धांत रेल्वेचा महिला संघ वर्षानुवर्षें अग्रभागीं राहिला. पुण्याच्या शिरीन लिमये हिनें २०२१ सालीं अम्मान येथील आशिया चषक स्पर्धेंत भारतीय संघाचें नेतृत्व केलें. मराठी मुलीला हा मार्ग चालून जातां येतो, हें त्यावरून दिसतें. मात्र सातपुड्याच्या पाड्यांतून त्या मार्गाच्या तोंडापर्यंत येणें हें अजून अवघड काम आहे. चेंडू, कडी आणि सपाट मैदान या तीन वस्तु शाळेंत असाव्या लागतात, आणि वेचणीच्या दिवसांत मुलीला संध्याकाळची एक घटका मोकळी असावी लागते.

ल्यूशियानें डेल्टा स्टेटमध्येंच प्रवेशविभागाची नोकरी धरली आणि संघाच्या शिक्षणास हातभार लाविला. स्त्रियांचा पहिला व्यावसायिक संघसमूह १९७८ च्या अखेरीस निघाला. त्यांतील ह्यूस्टनच्या संघाकडून ती १९७९-८० चा मोसम खेळली. तो समूहच १९८१ मध्यें बुडाला. कांहीं वर्षें तिनें टेक्सासमधील एका विद्यापीठाचा संघ शिकविला. नंतर ती मिसिसिपीला परतली आणि जेथें स्वतः शिकली त्या अमँडा एल्झी शाळेंत मुलांना शिकवूं लागली. मन एकदां उसळून वर जाणें आणि एकदां खोल बुडणें, असा मानसिक आजार तिला जडला होता. तो तिनें लपविला नाहीं. त्याविषयीं ती उघडपणें बोलत असे. अमेरिकेंत स्त्रियांचा जो व्यावसायिक संघसमूह पुढें टिकला, तो १९९७ सालीं सुरू झाला. तेव्हां ती बेचाळीस वर्षांची होती.

१९९२ सालीं नेस्मिथ यांच्या नांवच्या कीर्तिमंदिरांत तिचा समावेश झाला. तो मान मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. तिच्या गुरु मार्गारेट वेड तेथें सात वर्षें आधींच जाऊन बसल्या होत्या. त्यानंतर जगाला तिचा जवळजवळ विसर पडला. २०२१ सालीं बेन प्राउडफुट यांनीं तिच्यावर बावीस मिनिटांचा एक चित्रपट काढला. त्यांत ती स्वतःच आपली हकीकत सांगते, आणि हंसत हंसत सांगते. २७ मार्च २०२२ रोजीं त्या चित्रपटाला ऑस्कर पारितोषिक जाहीर झालें. ल्यूशिया १८ जानेवारीलाच, वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं, मिसिसिपींत वारली होती.