यवतमाळचें छोट्या गाडीचें स्टेशन व त्याची लोकसेवा

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं या स्मरणिकेंत ख्रिस्तमंदिराचा व संस्थांचा इतिहास यावा हें योग्यच आहे. परंतु ज्या वास्तूच्या दारांतून आपल्यापैकीं कित्येक कुटुंबें प्रथम या नगरांत उतरलीं, तिचेंही स्मरण करणें आम्हांस कर्तव्य वाटतें. ती वास्तू म्हणजे यवतमाळचें छोट्या गाडीचें स्टेशन होय.

मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मोठा मार्ग १८६७ सालीं नागपुरास पोंचला. तो मूर्तिजापूर व बडनेरा या गांवांवरून गेला. यवतमाळ मात्र दक्षिणेस दूर राहिलें. येथील काळ्या जमिनींतला कापूस बैलगाड्यांवर लादून मोठ्या मार्गापर्यंत न्यावा लागे. ही अडचण ओळखून मुंबईच्या किलिक निक्सन पेढीनें सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभारली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं मूर्तिजापुराहून कारंजा व दारव्हा या गांवांवरून यवतमाळपर्यंत सुमारें ११३ किलोमीटरांचा लोहमार्ग तयार झाला. दोन रुळांमधील अंतर अवघें अडीच फूट! त्याच सुमारास, १९०५ सालीं, वणी जिल्हा हें जुनें नांव जाऊन या जिल्ह्यास यवतमाळ हें नांव मिळालें.

येथून निघालेला कापूस मूर्तिजापुरास मोठ्या गाडींत चढे, मुंबईच्या बंदरांतून विलायतेस जाई व मँचेस्टरच्या गिरण्यांत शिरे. आणि योगायोग असा कीं, पुढें या मार्गावर धांवलेलें वाफेचें एंजिन १९२१ सालीं त्याच मँचेस्टरांत घडविलेलें होतें. १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत, म्हणजे सत्तर वर्षांहून अधिक काळ, त्यानें इमानेंइतबारें गाडी ओढली. त्यानंतर डिझेल एंजिन आलें.

मार्ग घातला गेला तो कापसासाठीं. माणसें हें त्याचें दुय्यम प्रयोजन. परंतु ईश्वरी योजना मनुष्याच्या हिशेबाबाहेरची असते. लाडखेड, दारव्हा या बाजूच्या शेतकऱ्यास कचेरीच्या कामाला जिल्ह्याच्या ठिकाणीं यावयाचें असो, आजाऱ्यास दवाखान्यांत आणावयाचें असो, कीं मुलास शाळेंत घालावयाचें असो, छोटी गाडी हाच त्याचा आधार होता. १९५५ सालीं अमरावतीचा धर्मप्रांत नागपूरपासून वेगळा झाला, तेव्हां आपला जिल्हा त्यांत आला; महागुरुस्वामींच्या त्या नगरीकडे जाणाऱ्यासही मूर्तिजापुरास गाडी बदलून बडनेऱ्याकडे जातां येत असे. नाताळाच्या आदल्या दिवशीं शिदोरीच्या गांठोड्यांसह खेड्यांतून गाडीनें येणाऱ्या भाविकांची आठवण आमच्या वृद्ध मंडळींच्या मुखीं अद्याप आहे. लोकांनीं या गाडीस 'शकुंतला' असें नांव दिलें. यंत्रास लेकीचें नांव मिळावें, याहून मोठें मानपत्र कोणतें?

स्वातंत्र्यानंतर देशांतील बहुतेक रेल्वे सरकारच्या झाल्या. हा मार्ग मात्र कंपनीच्याच मालकीचा राहिला व गाडी सरकारी रेल्वेनें चालविली. मालक एक आणि चालविणारा दुसरा, अशा व्यवस्थेंत दुरुस्तीचा प्रश्न रेंगाळत गेला. रूळ जीर्ण झाले, वेग मंदावला, आणि २०१० नंतरच्या दशकांत यवतमाळची गाडी बंद पडली.

येथें आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. एसटी आली, मोटारी आल्या, आणि ज्यांना ऐपत होती त्यांनीं शकुंतलेची पायरी सोडली. आम्हीही त्यांतलेच. वेळ वांचतो म्हणून आम्ही जीपमध्यें बसलों. आणि ज्यास स्वस्त तिकिटावांचून दुसरा उपाय नव्हता, तोच गाडींत उरला. त्याचा आवाज लहान, म्हणून गाडी गेली तेव्हां फारसा गलबला झाला नाहीं.

आतां वर्धा-यवतमाळ-नांदेड या मोठ्या मार्गाचें काम चाललें असून, त्यांतील वर्धा ते कळंब या भागाचें उद्घाटन २८ फेब्रुवारी २०२४ रोजीं यवतमाळ येथें पंतप्रधानांच्या हस्तें झालें. याचा आम्हांस मनःपूर्वक आनंद आहे. मात्र मोठी गाडी मोठ्या गांवीं थांबते. लहान गांवच्या म्हातारीसाठीं कोण थांबणार, हा प्रश्न उरतोच.

प्रिय बंधुभगिनींनो, हाच प्रश्न ज्युबिलीच्या वर्षीं धर्मग्रामासही लागू आहे. प्रभूनें दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेचें दान सर्वांत मोठें मानिलें. आपलें ख्रिस्तमंदिर आतां प्रशस्त झालें, आपला वेगही वाढला. परंतु वाटेवरल्या लहान थांब्यावर कोणी हात दाखविला, तर आपण थांबतों काय? याचें उत्तर होकारार्थी देतां यावें, अशी कृपा दयाघन परमेश्वर आपणां सर्वांस देवो.